निळ्या बागेतली मेंढरं

पहिली मेंढी मेली तेव्हा थोरला म्हणाला, साप चावला असणार. दुसरी मेली तेव्हा म्हणाला, बायकोनं बुरसलेला चारा घातला. तिसरी मेली त्या सकाळी मात्र बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं, आणि असं झालं की थोरल्याचा आवाज नुसताच चढायचा.

"काल हिला काय घातलंस?"

"तुम्ही कापून आणलंत तेच."

"पाणी कुठलं पाजलंस?"

"तुम्ही पिता तेच."

"मग मेली कशी?"

"तेच मी इतके दिवस विचारतेय. तुम्ही कान देताय का?"

थोरला मेंढवाड्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा होता. थोरली मेलेल्या मेंढीच्या डोक्याशी बसली होती. ही काळतोंडी. कळपातल्या निम्म्या मेंढ्या हिच्याच पोटच्या, आणि सगळा कळप हिच्यामागून चालायचा. थोरलीनं अंगठ्यानं तिची पापणी वर केली. आतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता.

"हे बघा. पहिल्या दोघींचं पण असंच होतं. आणि काल संध्याकाळी ही कोपऱ्यात एकटी उभी राहून लाल मुतली. काळ्या चहासारखं. तुम्हाला हाक मारली तर तुम्ही म्हणालात, जेवू दे मला."

"मग जेवू नको?"

थोरलीनं मेंढीची पापणी पुन्हा मिटवली.

या नवरा-बायकोला गल्लीत सगळे थोरला-थोरली म्हणत, कारण भिंतीला भिंत लावून धाकटा-धाकटी राहत होते. खरी नावं होती, पण ती कागदावरच. बापानं वाटणी केली तेव्हा रस्त्यापलीकडची द्राक्षबाग धाकट्याला दिली आणि मेंढरं, माळ आणि मेंढवाडा थोरल्याला. वाटणीवरून भांडण झालं नाही, कारण बापानंच एक सोय लावून ठेवली होती. द्राक्षाचा मांडव उंच, मेंढीचं तोंड वेलीपर्यंत पोचत नाही. मेंढरं मांडवाखाली सोडायची. ती तण खातात, बाग साफ राहते, लेंड्या पडतात ते खत होतं, आणि मेंढरांचं पोट भरतं. दोघेही भाऊ येईल-जाईल त्याला ही सोय सांगायचे. धाकटा जरा जास्तच सांगायचा, कारण खुरपायला माणसं लावायचा त्याचा त्रास वाचत होता.

यंदा पावसानं घोळ घातला. धो धो पडून मोकळा होईल तर शपथ. आभाळ आलं आणि बसून राहिलं. रोज झिमझिम, रोज दमट हवा, कपडे वाळेनात, माती बुटाला चिकटून घरात यायला लागली. द्राक्षाच्या पानांखाली पांढरी बुरशी धरली. एकदा ती घडात शिरली की वर्षभराची मेहनत मातीमोल, म्हणून धाकट्यानं पंप पाठीवरून खाली ठेवला नाही. संध्याकाळी मोरचुदाचे निळे खडे पोत्याच्या फडक्यात बांधून पिंपात लोंबते ठेवायचे, सकाळपर्यंत ते विरघळतात. दुसऱ्या पिंपात चुन्याची निवळी करायची. मग दोन्ही एकत्र ओतून विळ्याचं टोक त्यात बुडवून बघायचं. टोकावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. हे सगळं धाकटा उघड्या हातानं करायचा. त्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते, नखांच्या कडा हिरव्या पडल्या होत्या, डोळे कायम लाल. पानं निळी, खांब निळे, तारा निळ्या, खालचं गवत निळं. पाऊस आला की पानांवरचं औषध धुऊन खाली जायचं, आणि धाकटा पुन्हा पंप भरायचा.

थोरलीनं तेव्हाच त्याला अडवलं होतं. "भाऊजी, आज फवारलंत आणि उद्या मेंढरं सोडा म्हणता. गवतावर बघा किती बसलंय."

"वहिनी, रात्री पाऊस पडून गेला. सगळं धुऊन गेलं."

"धुऊन गेलं ते गेलं कुठं? वरचं खालीच आलं ना?"

धाकटा हसला होता. थोरलाही हसला होता. "हिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतंच," असं तो भावाला म्हणाला, आणि कळप बागेत गेला. पावसाळाभर जात राहिला.

तिसरी मेंढी मेल्यावर थोरली नवऱ्याशी बोलत बसली नाही. बोलून काय उपयोग होता? तिनं पायात चपला अडकवल्या आणि जनावरांच्या दवाखान्याची वाट धरली. मागून थोरला ओरडत राहिला की मेलेल्या मेंढीला डॉक्टर काय करणार. तिनं वळूनही बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई दुपारी मोटारसायकलवरून आल्या. वयानं लहान, सकाळपासूनच्या कामानं चेहरा ओढलेला. कडब्याच्या गंजीच्या आडोशाला त्यांनी काळतोंडी कापून उघडली. तोवर शेजारचे दोघे-तिघे भिंतीवरून वाकून बघायला लागले होते, आणि धाकटाही पंप पाठीवर तसाच घेऊन आला.

"हे काळीज, म्हणजे यकृत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते पिवळं पडून हाताखाली कुस्करलं जात होतं. मग त्यांनी आतून मूत्रपिंड काढून फळीवर ठेवलं. ते जांभळं-काळं होतं, घासून ठेवलेल्या लोखंडासारखं चमकत होतं. "मेंढ्या कुठं चरतात?"

सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं आभाळाकडे बघितलं.

"तुकडा तपासायला पाठवते," त्या म्हणाल्या, "पण मला शंका नाही. तांबं आहे हे. मोरचुदातलं."

"मोरचूद?" धाकटा उसळला. "अहो, माझी गाय त्याच बागेतलं कापलेलं गवत खाते. तिला काही झालं नाही. शेळी खाते. मी स्वतः त्यात कोपरापर्यंत हात घालतो, बघा."

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. हातही आणि डोळेही. "दिसतंय," त्या म्हणाल्या. "हातमोजे घालत जा, चष्मा लावत जा. डोळ्यात शिंतोडा गेला तर दृष्टीला इजा होते. पोटात गेलं तर निळ्या उलट्या होतात आणि माणूस जातो. ते पिंप झाकून ठेवता का?"

"ते राहू द्या. गायीचं बोला."

"गायीला जास्तीचं तांबं बरंच बाहेर टाकता येतं. शेळीलाही. मेंढीला ते जमत नाही. आलेलं सगळं ती काळजात साठवते. महिनोन्महिने साठवते, आणि वरून काही कळत नाही. चरते, धावते, तुम्हाला वाटतं ठणठणीत आहे. मग एखाद्या दिवशी ते काळजातून एकदम रक्तात उतरतं. रक्त फुटतं, लघवी लाल होते, एक-दोन दिवसांत खेळ खलास."

भिंतीवरच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातल्या दोघांची मेंढरं त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी बागेत चरत होती.

"आणि चाटायला काय देता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

थोरलीचा हात नकळत तोंडाकडे गेला. मेंढवाड्यात आढ्याला एक गुलाबी वीट टांगलेली होती, मीठ आणि खनिजांची. गायीसाठी आणली तेव्हा धाकट्यानं एक जास्तीची दिली होती, आणि थोरलीनं ती स्वतः दोरीनं बांधली होती. मेंढ्या भारी आवडीनं चाटायच्या. तिला त्याचं कौतुक वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी विटेवरचा कागद मागितला, पण कागद कधीच फेकून दिला होता.

"गायीची आहे ना? मग हिच्यात पण तांबं असणार. काढून टाका."

थोरलीनं विळा घेतला आणि दोरी कापली. एवढे दिवस आपण भाऊजींवर डोळे वटारत होतो आणि आपल्या हातानं हे टांगत होतो, या विचारानं तिला स्वतःचाच संताप आला. वीट तिनं उकिरड्याच्या खड्ड्यात टाकली आणि वर मातीची पाटी ओतली.

जाताना डॉक्टरीणबाईंनी दोन औषधं दिली. रोज पाण्यात कालवून एकेकीला पाजायची, बरेच दिवस. बागेत पाऊल टाकू द्यायचं नाही. दुसरा चारा द्यायचा. "आणि सगळ्यात महत्त्वाचं ऐका, मावशी. यांना पळवू नका. दामटू नका, घाबरवू नका, उपाशी ठेवू नका, लांब चालवू नका. आत साठलेलं बाहेर पडायला एवढंसं निमित्त पुरतं. ज्या चांगल्या दिसतात त्यांच्यातही ते आहेच."

मोटारसायकल वळणाआड गेली आणि धाकट्यानं पंप जमिनीवर आपटला. "म्हणजे मी भावाच्या मेंढरांना विष घातलं. हेच ना वहिनी? यासाठीच बोलावलीत ना बाईला?"

"मी मेंढ्या मरतात म्हणून बोलावली."

"फवारलं नसतं तर माझी बाग गेली असती. मग चाललं असतं?"

"फवारू नका असं कोण म्हणालं? मेंढरं सोडू नका म्हणत होते, तर हसलात दोघं."

धाकट्यानं भावाकडे बघितलं. थोरला पायानं मातीचं ढेकूळ फोडत होता. तो म्हणाला, "आता तू पण दरवेळी ओढून-ताणून त्याच्यावर नको आणूस. वीट तर तूच बांधली होतीस."

हे बोलणं थोरलीला एवढं लागलं की तिला दोन्ही भावांना तिथंच टाकून माळावर निघून जावंसं वाटलं. पण काळतोंडीला पुरायचं होतं, खोल, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकं. तिनं फावडं उचललं.

रात्री जेवताना थोरल्यानं तोंड उघडलं. "मी ठरवलंय. विकून टाकू."

"काय?"

"सगळी. मरायच्या आधी. मानडोल्याला निरोप पाठवलाय."

मानडोल्या म्हणजे मेंढरांचा व्यापारी. सौदा करताना तो तोंडानं फारसं बोलत नसे, नुसती मान हलवायचा, म्हणून ते नाव पडलं होतं.

"अहो, आजारी मेंढरं दुसऱ्याच्या गळ्यात मारणार?"

"आजारी दिसतात का?"

"दिसत नाहीत, पण आहेत. त्या बाई काय म्हणाल्या? आणि तो ती कापून विकणार. यांचं काळीज कुणाच्या पोटात जाणार?"

"तू जगाचा विचार करायचा सोड. माझ्या डोळ्यांदेखत एकेक आडवी पडताना बघत बसू? रोज सकाळी दार उघडायचं आणि मोजायचं आज कोण गेली? मला नाही जमणार ते."

त्याचा आवाज शेवटी जरा चिरकला. थोरलीला कळलं की माणूस घाबरलाय. लहानपणापासून त्यानं मेंढरांशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. पण घाबरला की तो असा आडमुठेपणा करायचा, आणि त्या आडमुठेपणापुढे तिचं कधी काही चालत नसे. तिनं समजावलं, चिडून बघितलं, मग भांडी वाजवून बघितली. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

मानडोल्या आला तेव्हा झिमझिम चालूच होती. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तो मेंढवाड्याच्या कुडाशी उभा राहिला. त्यानं एकीची पाठ दाबली, दुसरीचे दात बघितले, तिसरीची लोकर बोटांत धरून ओढली. मान डावीकडे, मान उजवीकडे. थोरला मागेमागे फिरत कुठली किती वेळा व्याली ते सांगत होता.

"पळवा," मानडोल्या म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

सगळेच व्यापारी असं करतात. उभ्या मेंढीत खोट कळत नाही. कळप समोरच्या माळावर सोडायचा, मागं कुत्रं घालायचं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायचा. कोण लंगडते, कुणाला धाप लागते, कोण मागं पडते, ते बघायचं आणि मग भाव करायचा. थोरल्यालाही हे ठाऊक होतं. त्यानं कुत्र्याला शीळ घातली.

थोरली घरातून ओल्या हातांनी धावत आली आणि मेंढवाड्याच्या फाटकाला पाठ लावून उभी राहिली. "पळवायची नाहीत."

"बाजूला हो."

"बाई काय सांगून गेल्या ते विसरलात? पळवली की मरतात ती."

मानडोल्याची मान थांबली. "कोण मरतं?"

थोरला दात आवळून म्हणाला, "काही नाही. हिला सवय आहे."

आता आपण गप्प बसलो तर कळप जाणार, आणि बोललो तर नवऱ्याची चारचौघांत लाज जाणार, हे थोरलीला स्वच्छ दिसत होतं. भिंतीपलीकडून धाकटी बघत होती. रस्त्यावर दोन माणसं थांबली होती. थोरलीनं एक श्वास घेतला. "दादा, यांच्या पोटात मोरचूद आहे. बागेतल्या गवतावरचं. आमच्या तीन मेल्यात, लाल मुतून. उरलेल्या कधी मरतील ते कुणाला सांगता येत नाही. घ्यायच्या असतील तर हे ऐकून घ्या."

थोरल्याचा चेहरा असा झाला की तिला त्याच्याकडे बघवेना. त्यानं तिला ढकललं नाही. तो मेंढवाड्याच्या दुसऱ्या बाजूला गेला, तिथली आडवी बल्ली काढून फेकली आणि कुत्र्याला आत सोडलं.

मेंढरं पळाली. चिखल उडवत, एकमेकींवर चढत, माळाच्या त्या टोकापर्यंत गेली आणि कुत्र्यानं वळवल्यावर तशीच परत आली. एकही लंगडली नाही, एकही मागं पडली नाही. थोरली फाटक धरून बघत राहिली. पडली तर आपलं खरं ठरतं, आणि पडू तर नये. असला मेला खरेपणा कुणाला हवा होता.

"बघ," थोरला म्हणाला. तोही धापा टाकत होता, जणू त्यांच्याबरोबर तोच पळाला होता. "बघ नीट. मरतात म्हणे."

मानडोल्यानं मान बरीच हलवली. तो काही दुधखुळा नव्हता. "मेंढरं चांगली आहेत," तो म्हणाला. "उद्या गाडी घेऊन येतो. वहिनी म्हणतात तसं असलं तर उद्यापर्यंत दिसेल. नसलं तर मग भाव ठरवू." आणि खोळ सावरत निघून गेला. खरं ठरो की खोटं, त्याचं काही जाणार नव्हतं.

त्या दिवशी थोरलीनं तरीही औषध कालवलं आणि एकटीनं पाजायला घेतलं. एका हातानं मान धरायची, दुसऱ्या हातानं जबडा उघडायचा आणि तिसऱ्या हातानं बाटली ओतायची. तिसरा हात नसल्यामुळे अर्धं औषध तिच्या पदरावर सांडलं. थोरला ओट्यावर बसून हे बघत होता. उठला नाही. रडू येण्याइतका राग थोरलीला फार वेळा आला नव्हता. त्या दिवशी आला.

सकाळी ती चूल पेटवत होती. थोरला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"चल जरा," तो म्हणाला.

मेंढवाड्यात चौघी कोपऱ्यात डोकं भिंतीला टेकवून उभ्या होत्या. पेंढ्यावर काळपट लाल डाग होते. एकीचे पाय थरथरत होते. कळप त्यांच्यापासून दूर सरकून उभा होता. थोरल्यानं जवळच्या मेंढीची पापणी वर केली, बायकोनं त्या दिवशी केली होती तशीच, आणि बराच वेळ बघत राहिला.

"मी सांगितलं होतं," थोरली म्हणाली. म्हणायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तोंडातून निघूनच गेलं. आणि निघाल्यावर तिला कळलं की त्याचा काडीचा उपयोग नाही. तिला वाटलं होतं, हे वाक्य म्हणताना कधीतरी बरं वाटेल.

"हो," थोरला म्हणाला.

लग्न झाल्यापासून तिनं त्याच्या तोंडून असं नुसतं "हो" ऐकलं नव्हतं. पुढे "पण" नाही, काही नाही. मग तो खाली बसला, पाय थरथरणाऱ्या मेंढीला मांडीशी टेकवून धरलं, आणि म्हणाला, "औषध आण. मी धरतो."

त्या चौघींपैकी एकच वाचली. मानडोल्याची गाडी आली. तो खाली उतरलासुद्धा नाही. कुडावरून मेंढवाड्यात डोकावला, मान एकदाच हलवली आणि गाडी वळवली. दुपारपर्यंत गावात प्रत्येक घरी कळलं की थोरल्याच्या मेंढरांच्या काळजात मोरचूद आहे, आणि कुणी फुकट दिली तरी घेऊ नयेत.

मग सुरू झालं ते कंटाळवाणं, घाणेरडं, न संपणारं काम. रोज एकेक मेंढी धरायची, पाजायची, खूण करून पलीकडे सोडायची. चारा ओढ्याकाठावरून कापून आणायचा, पाठीवरून वाहायचा. माळावर न्यायचं ते सावकाश, कुत्र्याला घरी बांधून ठेवून. थोरला आता मेंढरांपुढे असा चालायचा की शेजारचे हसायचे. कुणी मोठ्यानं खाकरलं तरी तो वळून डोळे वटारायचा. मधूनच एखादी जायची. ती गेली की दोघं मिळून खड्डा खणायची. पण मग जाणं कमी झालं, आणि हळूहळू थांबलं.

धाकट्यानं बोलणं टाकलं होतं. वहिनीनं आपली गावभर बदनामी केली, असं तो ज्याला-त्याला सांगायचा. त्याच्या बागेत तण गुडघ्याला लागलं होतं आणि खुरपायला माणूस मिळत नव्हता. एका दुपारी धाकटी कुंपणातून वाकून आली. डोक्यावर गवताचा भारा.

"जाऊबाई, हे विहिरीपलीकडचं आहे. तिथं फवारा पोचत नाही. मी स्वतः बघून कापलंय."

थोरलीनं भारा उतरवून घेतला. "भाऊजींना ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. पण ठाऊक नसल्यासारखं करतात." धाकटी खांबाला टेकली. "परवा डोळ्यात शिंतोडा गेला. रात्रभर डोळा धरून बसले. सकाळी गेले आणि हातमोजे घेऊन आले. चष्मा पण आणला. पिंपाला झाकण केलं. पण मला म्हणाले, वहिनींना सांगू नकोस."

"मग सांगितलंस कशाला?"

"कुणाला तरी सांगायला नको? घरात मी बोलले की भिंत ऐकते."

दोघी हसल्या. बऱ्याच दिवसांनी थोरली हसली होती, आणि त्यात अर्धा राग होताच.

आभाळ एकदाचं उघडलं आणि ऊन पडलं. त्या दिवशी मेंढरांना पाजायची वेळ झाली तरी थोरल्याचा पत्ता नव्हता. थोरली औषधाची बाटली हातात घेऊनच त्याला शोधायला निघाली. रस्त्याच्या कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीबाहेर बाकडं होतं. तिथं पाच-सहा माणसं जमली होती आणि मधे थोरला बसला होता, पायावर पाय टाकून.

"मेंढीचं कसं असतं," तो सांगत होता, "गायीला तांबं बाहेर टाकता येतं. मेंढीला येत नाही. ती साठवते काळजात. वरून पत्ता लागत नाही. आणि मग एकदम रक्तात. म्हणून पळवायचं नाही बघा. व्यापारी म्हणतील पळवा. अजिबात पळवायचं नाही. मी तर पहिली मेंढी गेली तेव्हाच ओळखलं होतं, बागेत काहीतरी आहे म्हणून. पण म्हटलं, भाऊ आहे, कसं बोलायचं?"

माणसं माना हलवत होती. एकानं विचारलं की गायीची वीट चाटायला दिली तर चालते का. "छे," थोरला म्हणाला, "कागद वाचून घ्यावी. आमच्यात मी लगेच काढून टाकली."

थोरली गिरणीच्या भिंतीआड थांबली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं, पुढे व्हावं आणि एकेक गोष्ट या सगळ्यांसमोर मांडावी. साप, बुरसलेला चारा, जेवू दे मला, बाजूला हो. साप तर नक्कीच सांगावा.

मग तिचं लक्ष रस्त्याकडे गेलं. प्रश्न विचारणारा माणूस उठून चालू लागला होता. समोरच्या मोठ्या बागेच्या फाटकात त्याचा मुलगा मेंढरं आत घालत होता. बापानं लांबूनच हात करून त्याला थांबवलं, जाऊन फाटक लावून घेतलं आणि कळप माळाकडे वळवला. दामटला नाही. सावकाश, पुढे चालत. बागेच्या त्या रस्त्याला दुसरा एकही कळप दिसत नव्हता. सगळ्या मांडवांखाली तण वाढून उभं होतं.

तिनं इतके दिवस घसा फोडून सांगितलं ते कुणी ऐकलं नव्हतं. आणि आता सगळ्यांनी ऐकलं, तर ते थोरल्याचं. थोरलीला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. पण कळप माळावर गेला होता, त्याचं काय करणार? तो गेला हे खरंच होतं.

ती भिंतीआडून पुढे आली. माणसांनी बाकड्यावर सरकून तिला जागा करून दिली. थोरल्यानं पायावरचा पाय खाली घेतला.

"अहो डॉक्टरसाहेब," थोरली बाटली वर धरून म्हणाली, "दवाखाना उघडायची वेळ झाली. मेंढ्या थांबल्यात. आणि मला हात दोनच आहेत."

बाकडं खदखदून हसलं. थोरला कानापर्यंत लाल झाला, उठला, आणि तिच्या हातातली बाटली घेऊन तिच्या पुढे चालू लागला.